झुंबराचं वजन

रविवार, ५ जानेवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, गुडघ्याची कुरकुर थांबली असेल, असं धरून चालतो. मी ठीक आहे. दोन दात कमी झाले, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी गाडी चालू आहे.

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट तसंच बाजूला ठेवू नकोस. एक काम आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाकडून होण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात वाचनालयाच्या ग्रंथपालबाई घरी आल्या. येत्या शनिवारी त्यांचा वर्धापनदिन. म्हणाल्या, "वहिनी बालविभागात होत्या तोवर दरवर्षी गोळ्यांचं झुंबर असायचं. मुलं अजून विचारतात हो. कसं करायच्या, ते कुठे लिहून ठेवलंय का त्यांनी?" मी म्हणालो, "लिहून नाही, पण मी करून देतो." बोलून गेलो खरा! चहा संपवून ग्रंथपालबाई गेल्या आणि मी कपाळाला हात लावला. माझ्या हातून आयुष्यात कधी पतंगसुद्धा धड झालेला नाही.

तरी बसलो. तारेची तीन कडी केली, मोठं, मधलं, लहान. एकाखाली एक टांगली. त्यांना दोरे लावले. इथवर ठीक. पण गोळ्या दोऱ्याला बांधायच्या कशा? वेष्टनाच्या पिळाभोवती गाठ मारली की गोळी दोन मिनिटं लोंबते आणि टप्पकन खाली येते. सकाळपासून स्वयंपाकघरात गारांसारखा आवाज चाललाय. तुझी ताई पिळाला एक वेढा द्यायची की दोन? मध्ये डिंकाचा थेंब लावायची का? तुम्ही दोघी खिडकीशी बसून करायचात आणि मी पेपरातून डोकं वर काढून "आवरा आता" एवढंच म्हणायचो. बघितलं कधीच नाही.

नमुना मात्र घरात आहे. शेवटच्या वर्षीचं. सभागृहाच्या छताचे पोपडे पडायला लागले म्हणून त्या वर्षी कार्यक्रमच रद्द झाला होता, आठवतं? ताई म्हणाली, राहू दे घरात, शोभेचं आहे. मग सहा महिने ते खिडकीपाशी, माझ्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर लटकत होतं. ती गेल्यावर जुन्या चादरीत गुंडाळून मी माळ्यावर टाकलं. आज शिडी लावून काढलं. एक नवल वाटलं. तीन वर्षं गोळ्या माळ्यावर पडून होत्या आणि मुंगी म्हणून लागलेली नाही. आमच्या घरातल्या मुंग्या साखरेच्या डब्याचं झाकण उघडतील अशा. तुला काय वाटतं?

गाठीचं तेवढं कळव. फोन केलास तरी चालेल, नंबर तोच आहे.


बुधवार, ८ जानेवारी

तिकिटं संपली होती म्हणून पत्र रविवारी टाकलं नाही. बरंच झालं म्हणायचं.

गाठ जमली. दोन वेढे, आणि दुसरा उलटा. जुन्यातली एक गोळी भिंगाखाली धरून शोधून काढलं. काल संध्याकाळी नवं झुंबर पुरं झालं, दोनशे दहा गोळ्यांचं. जुन्यात मोजल्या होत्या तेवढ्याच.

आता माझी खोड तुला ठाऊक आहे. छत्तीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली. भाजीवाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी नुसत्या काट्याच्या थरथरीवरून ओळखायचो. हातात वस्तू आली की वजन केल्याशिवाय चैन पडत नाही. तर नवं झुंबर काट्याला लावलं. एक किलो साठ ग्रॅम. सहज म्हणून जुनंही लावलं.

चारशे ग्रॅम.

काटा तपासला. पुन्हा लावलं. चारशे. तेवढीच कडी, तेवढेच दोरे, तेवढ्याच गोळ्या, आणि निम्म्याहून कमी वजन! जुन्यातली एक लाल गोळी सोडवली आणि पीळ उलगडला.

आत कागद होता. गोळीएवढी घट्ट गुंडाळी. उलगडली तर त्यावर माझं अक्षर: 'सकाळी ७, चहा, बिनसाखरेचा.'

तू आत्ता हसत असशील तर हस. मी हसलो नाही. निदान लगेच नाही.

दर रविवारी पट्टीने रेघा आखून मी ताईच्या पथ्याचा तक्ता करायचो. प्रत्येक ओळीला समासात लाल शाईने तारीख घालायचो आणि तक्ता फ्रिजवर चिकटवायचो. "जुने कुठे ठेवलेस?" विचारलं की ती म्हणायची, "आहेत, वर टांगलेत." मला वाटायचं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. ते माझ्या डोक्यावर टांगलेले होते. आणि मी पाहुण्यांना वर बोट दाखवून सांगायचो, "ही बघा! डोळ्यांसमोर दोनशे गोळ्या आणि हात लावत नाही. याला म्हणतात निग्रह." ती शेजारी बसून मान खाली घालायची. मी समजायचो, लाजली.

सगळ्या दोनशे दहा सोडवल्या. दोनशे एकात कागद. नऊ खऱ्या, चिकट झालेल्या, सगळ्या लिंबाच्या. तिला लिंबाच्या आवडत नव्हत्या का? एकतीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मुंग्यांनाही आवडत नसाव्यात.

मग चटकच लागली. चिठ्ठ्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या. जानेवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, एकही आठवडा चुकलेला नाही. वेष्टनं शेजारी ठेवली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेकांचा पीळ एका बाजूचा. चौतीस वेष्टनांचा मात्र नेमका उलट, डावखुऱ्या माणसाने घातल्यासारखा.

आपल्यात डावखुरं कोण आहे, ते मी तुला सांगायला नको.

म्हणजे तू आठवड्यातून एकदा यायचीस, मी बाहेर पडलो की खिडकीशी बसून दोघी गोळ्या खायच्यात, माझ्याच तक्त्याचे तुकडे करून वेष्टनात भरायच्यात आणि पुन्हा टांगायच्यात. काय बोलायचात गं तेव्हा? कात्री कोण धरायचं? मी जिन्यात खोकलो की कसं आवरायचात? खरंच विचारतोय. खूप हसायचात का?

तुझे पीळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आहेत. पुढे नाहीत.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी घरी लवकर आलो. तुम्ही दोघी खिडकीशी होतात. ताई काहीतरी बोलायला गेली आणि तिची जीभ दिसली, नारिंगी. त्याच सकाळी रक्ततपासणीचा कागद आला होता, साखर चढलेली. मी ओरडलो, "कुणी दिलं हिला गोड?" ताई गप्प. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तू खुर्चीतून उठलीस आणि शांतपणे म्हणालीस, "मी आणली होती, भाऊजी." मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. तुझ्या कानांत ते असणारच. शेवटचं वाक्य होतं, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. तू चप्पल घातलीस आणि गेलीस.

आणली नव्हतीस. एकही नाही. झुंबर तिनेच केलेलं होतं, त्यातलीच होती.

जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली आणि माझ्या डोक्यावरचं मला दिसलं नाही. पण त्यापेक्षा मला कोडं पडलंय ते तुझं. तू कबूल का झालीस? ताईला माझ्या बोलण्यातून वाचवायला, हे कळतं. पण नंतर? तीन वर्षं एका शब्दाने सांगितलं नाहीस. शेवटच्या निरोपालाही दाराशी उभी राहिलीस आणि तशीच परत गेलीस. एवढा काय मी वाघ होतो?

या प्रश्नाचं उत्तर लिहू नकोस. टेबलावरच्या चिठ्ठ्या बघतोय, कळतंय मला.

मार्चनंतरचे पीळ सगळे तिचे एकटीचे आहेत. एप्रिलमध्ये सैल व्हायला लागतात. मेमध्ये काही नुसतेच दुमडलेले आहेत, हाताला सलाईनची सुई ठेवूनच दवाखान्यातून घरी पाठवायचे तेव्हाचे. जूनच्या तीन चिठ्ठ्यांना तर घडीही नाही, कागद नुसता चुरगळून आत कोंबलेला.


रविवार, १२ जानेवारी

काल कार्यक्रम झाला. नवं झुंबर सभागृहात टांगताना एकदा निसटलं आणि ग्रंथपालबाईंच्या खांद्यावर बसलं, पण मोडलं नाही. शेवटी मुलांनी रांग लावून, बोथट कात्रीने एकेक गोळी कापून घेतली. एका मुलीने विचारलं, "आजोबा, या खऱ्या आहेत ना?" मी म्हणालो, "वजन करून आणल्यात." सगळ्यांना वाटलं गंमत करतोय.

परवा ताईच्या डॉक्टरांना फोन केला होता. मनाला बरं वाटावं म्हणून नाही, जे असेल ते कळावं म्हणून. त्यांना झुंबराचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "दिवसाला एक-दोन गोळ्या? चांगलं नव्हतंच ते. पण त्यांची मूत्रपिंडं आधीच निकामी होत आली होती. गोळ्या खाल्ल्या नसत्या तरी जून काही टळला नसता." मी आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "त्यांची बहीण शेवटी भेटली का हो? मला दर खेपेला विचारायच्या, धाकटी आली तर आत सोडाल ना."

मी भेटली म्हणालो. खोटं बोललो. तिथेही.

धाकटे, गेल्या रविवारपासून हे पत्र लांबवतोय. गाठ, मुंग्या, वजन, चिठ्ठ्या, सगळं सांगून झालं. जे सांगायचं ते अजून सांगितलेलं नाही. आता सांगतो.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, ताईने मला तीनदा म्हटलं, "धाकटीला बोलवा ना." पहिल्यांदा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा म्हणालो, बघतो. तिसऱ्यांदा तिने माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण सोडेना. तेव्हा मी म्हणालो, "निरोप पाठवला होता. येत नाही म्हणाली."

मी निरोप पाठवला नव्हता. तुझा नंबर फोनमध्ये होता आणि फोन खिशात होता. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. माझा राग गेला नव्हता, एवढंच त्याचं कारण. दुसरं कुठलंही नाही, शोधून पाहिलं.

तिने हात सोडला. भिंतीकडे बघत म्हणाली, "बरोबर आहे तिचं."

मला तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. मला वाटलं, तिलाही अखेर पटलं की चूक तुझी होती. आता चिठ्ठ्या बघितल्यावर कळलं. तू तिच्यासाठी आळ घेतलास आणि ती गप्प राहिली, म्हणून तू रागावली आहेस, असं ती समजली. तसं समजूनच गेली. तू बोलावण्याची वाट बघत असशील, हे तिला कळू शकलं असतं. मी कळू दिलं नाही.

गोळीपायी तुला घालवलं ती माझी चूक होती, तिची माफी मागता येते. या दुसऱ्या गोष्टीची कशी मागायची, मला माहीत नाही. म्हणून मागत नाही. तुला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं. ताई तुझ्यावर रागावलेली नव्हती. तिने तुला बोलावलं होतं, तीनदा.

सगळ्या चिठ्ठ्या आणि वेष्टनं वेगळ्या खोक्यात घालून सोबत पाठवतोय. त्यांच्यावर माझ्यापेक्षा तुझा हक्क जास्त आहे. तुझे चौतीस पीळ वेगळे बांधलेत. जूनचे तीन मी उलगडून पाहिले, पुन्हा होते तसे करता आले नाहीत.

उत्तर देऊ नयेसं वाटलं तर देऊ नकोस. बोलून घ्यावंसं वाटलं तर फोन कर, किंवा ये आणि समोर बोल. मध्ये तोंड घालणार नाही.

'तुझा भाऊजी' असं लिहायला घेतलं आणि थांबलो. ते तुझ्याकडून आलं तरच.

तुझ्या ताईचा नवरा