अबोलीची जीप

२५ सप्टेंबर, गुरुवार
अबोलीचा पुण्याहून फोन. जर्मनीची नोकरी पक्की. पाच नोव्हेंबरचं तिकीटही काढलंय. आधी तिकीट, मग बापाला फोन! मी शांतपणे ऐकून घेतलं. (पद्मा म्हणते, मी मोबाइल आपटला. जरा जोरात ठेवला, इतकंच.) दिवाळीला दोन दिवस साताऱ्याला येणार आहे. तेवढे पुरेत. उपाय माझ्याकडे आहे. जीपची गेम.
पोरगी चौथीत असताना मी ती ऑफिसातून फ्लॉपीवर आणली होती. घाटातून जीप वर न्यायची, म्हशी आडव्या येतात. मी जीप चालवायचो, अबोली हॉर्न द्यायची. काय जोडी होती आमची! गेमपुढे ती जेवायलासुद्धा उठायची नाही. तीच गेम आता नव्या लॅपटॉपवर लावून ठेवायची. खेळायला बसली की जर्मनी विसरेल, तिकीट रद्द. पाटबंधारे खात्यात मला कॉम्प्युटरसाहेब म्हणायचे ते उगाच नाही. एका दुपारचं काम.

२७ सप्टेंबर
नव्या लॅपटॉपला फ्लॉपी घालायला जागाच नाही. चारी बाजूंनी पाहिलं. पद्मा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
ड्राइव्ह आला, तोही नेमका आज. फ्लॉपी देव्हाऱ्यातच असते. लोक आज कोयते-पाने पूजतात, आपलं हत्यार हेच. वर्षानुवर्षं हळदकुंकू, अक्षता, फूल, काही चुकवलं नाही. म्हणूनच टिकली. आजही आधी साग्रसंगीत पूजा केली, पळीभर पाणी सोडलं आणि मग ड्राइव्हमध्ये घातली.
जात्यासारखी घरघर. मग काहीच नाही. ड्राइव्ह उपडा केला तर तांदळाचे दाणे पडले.
पद्मा म्हणाली, अहो, मी तेव्हापासून सांगत्येय, कुंकू पाकिटावर लावा. सांगितलंही असेल. जरा मोठ्याने सांगायला हवं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार
एसटीने सांगली, तिथून कुपवाड. शाळासोबती जयराजच्या वर्कशॉपात फ्लॉपीवर चालणारं एक जुनं मशीन अजून आहे. त्याने फ्लॉपीची पत्री सरकवून आत पाहिलं आणि म्हणाला, देवा, गड्या, ह्यात गेम हाय का भंडारा? मग कॉम्प्रेसरची हवा मारली. दोघांचे चेहरे लाल. म्हणाला, ही आता न्हाई उठत रं. दुसरी हाय का कुठं?
आहे की, म्हटलं. नव्हती. पण परतीच्या एसटीत आठवलं, खरंच होती. अबोलीसाठी एक कॉपी केली होती. घरी येऊन पद्माला विचारलं. ती म्हणाली, बेडरूमची खिडकी वाजते म्हणून फटीत खोचलीय, अबोली कॉलेजला गेल्यापासून. ही आपली घरातली व्यवस्था.

७ ऑक्टोबर
खिडकीतली फ्लॉपी लागली! ऊन, वारा, धूळ खाऊनही सगळ्या फाइली उतरल्या. देव्हाऱ्यातली गेली आणि ही राहिली. यावर विचार करायचा नाही असं ठरवलंय. खिडकी मात्र आता वाजते.

८ ऑक्टोबर
डबल क्लिक. ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.’ जुन्या विंडोजसारखं चालव, असं सांगायची सोय असते, तीही केली. तेच उत्तर.
संकल्प: चिडायचं नाही. चिडलो.
अबोलीला फोन केला. गेमचं बोललो नाही, सरप्राइज आहे. सहज विचारलं, जर्मनीत म्हशी असतात का? ती म्हणाली, बाबा, मीटिंग आहे.

१४ ऑक्टोबर
जयराजने फोनवर सांगितलं, नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. उतरवला. वेग किती, असं विचारत होता. ‘मॅक्स’ टाकलं. पोरीच्या बाबतीत हात आखडता का घ्यायचा?
आणि गेम लागली! तेच संगीत! पद्माला हाक मारली. ती येईपर्यंत ‘गेम ओव्हर’. पुन्हा लावली. घाट सर्रकन गेला, जीप दरीत. म्हैस दिसलीसुद्धा नाही. वेग कमी करायचं बटण दाबलं की लॅपटॉपचा आवाज कमी होतो. ‘मॅक्स’ कुठे टाकलं होतं ते आता सापडत नाही.
पद्मा म्हणाली, अबोलीलाच विचारा ना. मग सरप्राइज कसलं?

१९ ऑक्टोबर
देव पाण्यात घालून बसलोय. (फ्लॉपी नव्हे.) वेग तसाच, पण सरावाने माझा हात चांगला बसलाय. आज बहुधा एक म्हैस दिसली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
अबोली काल आली. आज दुपारी लॅपटॉप पुढे ठेवला. हसली. खरंच हसली. म्हणाली, अजून आहे ही? मी खुर्चीत बसलो, तिला शेजारी स्टूल दिलं, पूर्वीसारखं. सुरू केली. तिचं बोट हॉर्नपर्यंत पोचायच्या आत ‘गेम ओव्हर’. मी बघू का, म्हणाली. मी म्हटलं, तू हॉर्न सांभाळ. पुन्हा लावली. पुन्हा तेच. मी लावत राहिलो.
मग म्हणाली, रागाने नाही, सावकाश. बाबा, तुम्ही मला जीप एकदाही चालवू दिली नाहीत. मी जेवायला उठायची नाही, कारण वाटायचं, उठले आणि माझा नंबर आला तर?
मी म्हटलं, अगं, तू दरीत घातली असतीस.
ती उठून पद्मासोबत रांगोळी काढायला गेली. लहान होती तेव्हा, तिला नीट आठवत नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा
सकाळच्या गाडीने गेली. तिकिटाचा विषय निघालाच नाही. मीही काढला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी तिचं विमान. दिवाळीपासून लॅपटॉप उघडला नव्हता. रुसवा वगैरे नाही, पाठ दुखते. आज पद्मा म्हणाली, निघताना अबोली त्यात काहीतरी करत होती, बघा तरी.
उघडला. गेम लावली. जीप अगदी पूर्वीच्या वेगाने निघाली. पहिलं वळण नीट घेतलं. दुसरंही. मग म्हैस आडवी आली, रस्त्याच्या मधोमध, आरामात.
मी हॉर्नची वाट पाहत राहिलो.