पागेची मोरी

मी, खाली सही करणारी, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. भाच्याला तरीही शंका असेल, तर ती त्याने मी जिवंत असताना तोंडावर बोलून दाखवावी.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. चांदीचे चमचे शोधू नयेत. ते तिने आधीच नेले आहेत.

२. घरामागची दगडी पागा आजोबांनी टपालगाडीच्या घोड्यांसाठी बांधली. भिंती हातभर जाड. झरोके उंचावर, म्हणजे हवा खेळते पण वारा जनावराच्या अंगावर येत नाही. फरशीला मधोमध उतार आणि उताराच्या टोकाला झाकणाची मोरी. घोडे गेल्यावर वडिलांनी तिथे धान्य साठवलं. आता जुन्या नालबंदाची नात सायकली दुरुस्त करते. मोरी वाहते तोवर पाया कोरडा, आणि पाया कोरडा तोवर ही पागा आपल्या सगळ्यांना पोचवून उभी राहील.

३. भाच्याला तिथे दुकानांचे गाळे काढायचे आहेत. जुनी इमारत धोकादायक ठरल्याशिवाय पाडता येत नाही. गेल्या वर्षी अचानक भिंतीला ओल आली.

"आत्या, कधी डोक्यावर कोसळेल सांगता येत नाही हं."

"मोरी तुंबली असेल."

"छे! कालच मी हात घालून साफ केली."

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर नखं बघितल्याशिवाय कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत. मी त्याची नखं पाहिली. नवरदेवासारखी! झाकण उचललं, तर आत गोणपाटाचा बोळा ठासलेला. मी काढला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. "उंदरांनी नेलं असेल," म्हणे. उंदीर सुतळीने गाठ मारतात, हे मला या वयात कळलं.

४. भावाला शब्द दिला होता, म्हणून पागा भाच्यालाच. पण लगेच नाही. ही अट त्याला मोठ्याने वाचून दाखवावी. माझ्यामागे वर्ष उलटल्यावर साक्षीदारांनी कधीही, न कळवता, झाकण उचलावं. मोरी वाहती असेल तर पागा त्याची. तुंबलेली असेल तर पागा नालबंदाच्या नातीची, आणि गोणपाट त्याचं.

ठिकाण : पागा, दगडी गव्हाणीच्या कठड्यावर.
दिनांक : ९ मार्च.
सही : आत्या (भाच्याला हेच नाव पुरेसं आहे).

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई. २. गवंडी.

दोघांनीही सहीआधी मोरीत हात घालून ती वाहती असल्याची खात्री केली. कागदावरचे काळे ठसे त्यांचे आहेत. खाडाखोड समजू नये.