कुठं जुळत नाही ते सांग

अण्णा, मला तुम्हाला एक विचारायचं आहे आणि ते विचारायला दुसरं कोणी नाही. आजार समजावताना तुम्ही जो दाखला द्यायचात, तो कुठवर चालवायचा आणि कुठं सोडून द्यायचा, हे तुम्हाला समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळायचं का? की तुम्हीही अंदाजानंच थांबायचात? हा कागद कुठं जाणार नाही, तरी प्रश्न नीट मांडावा म्हणून दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. माझा हा स्वभाव तुम्ही असतानाच होता. शाळेत मुलींना शरीरशास्त्र शिकवायला लागल्यापासून तो वाढलाच आहे.

विचारायचं कारण असं की आईच्या मानेला गाठ आली आहे. हरभऱ्याएवढी होती ती आता सुपारीएवढी झाली. दवाखान्यातले तरुण डॉक्टर बोटांनी चाचपून म्हणाले, "बायॉप्सी करून घेऊ," आणि पुढच्या पेशंटकडे वळले. रिक्षात आई म्हणाली, "मी काही कापून घेणार नाही. लोखंड लागलं की गाठ पसरते." तेव्हापासून हा विषय निघाला की ती "साकु" म्हणते. माहेरची कानडी ती एरवी बोलत नाही, पण बोलणं संपवायचं असलं की तिला मराठीतलं 'पुरे' पुरत नाही.

भवानी पेठेतला आपला दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये पडदा आणि पडद्यामागे चूल. माझा खोकला हटत नव्हता म्हणून तुम्ही मला तिसरीपर्यंत शाळेत घातलं नाहीत. मी अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. मला अजून ते दिसतं: मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेय, पाय जमिनीला पोचत नाहीत, आणि तुम्ही वैरागहून मुलाकडे राहायला आलेल्या एका म्हातारीच्या दंडाला पट्टा गुंडाळताय. रक्तदाब वाढलाय म्हणजे काय, ते तिला सांगताय. "आजी, नळाला पाणी फार जोरात आलं की नळी फुगते, जुनी असली तर फाटते. तसं तुमच्या रक्ताचं झालंय." म्हातारी मान हलवते. तुम्ही विचारता, "समजलं ना?" ती म्हणते, "व्हय की, समजलं." मला तर सगळंच समजल्यासारखं वाटलं होतं.

ती परत आली ती मुलाच्या खांद्यावर भार टाकून. ऐन उन्हाळा होता, तिचे ओठ कोरडे पडलेले आणि डोळे आत गेलेले. तुम्ही विचारलंत, "पाणी पिताय का?"

"कुटलं पानी? तुमीच म्हणला न्हवं, नळाला लई जोर हाय म्हून? मग म्या नळच बंद केला की. सकाळी एक तांब्या, सांजच्याला एक. बास."

"अहो, या उन्हात?"

"आता दुखनं मोठं का ऊन मोठं, डाक्टर?"

तिचा मुलगा हसला. तुम्ही हसला नाहीत. मीठसाखरेचं पाणी करून आणायला तुम्ही आईला आत सांगितलंत आणि म्हातारीनं ते सावकाश संपवेपर्यंत समोर बसून राहिलात. दुपारी जेवताना आईला म्हणालात, "चूक तिची नाही. मी तिला नळ दाखवला, ती नळ बंद करायला गेली. शहाणीच म्हणायची."

त्यानंतर दवाखान्यात 'समजलं ना?' हा प्रश्न बंद झाला. तुम्ही विचारायला लागलात, "मग आता घरी जाऊन काय करणार, ते सांगा बघू." लोक गोंधळायचे, काहींना ती परीक्षा वाटायची. एका विणकर बाईनं तर चिडून विचारलं होतं, "डॉक्टर तुम्ही की मी?" पण सगळे सांगायचे, आणि सांगताना कुणाचं कुठं अडतंय ते दिसायचं. माझ्यासाठी तुम्ही त्याचाच खेळ केलात. दाखला तुम्ही द्यायचा आणि तो कुठं जुळत नाही ते मी शोधायचं. ॲलर्जी म्हणजे काय? तर दारातला कुत्रा, जो चोरावर भुंकायचं सोडून पोस्टमनवर भुंकतो. मी बराच विचार करून म्हणाले, "पण कुत्र्याला चार दिवसांत पोस्टमनची ओळख पटते. मला वांगं खाल्लं की दरवेळी पित्त उठतं." तुम्ही इतके खूश झालात की काचेच्या बुचाची एक निळी बाटली मला देऊन टाकलीत. ती अजून माझ्या टेबलावर आहे. एकदा मात्र मी खेळ लवकर संपवायला "समजलं, समजलं" म्हणाले, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता बोललात, "समजलं म्हणू नकोस. सांग." त्याची मला एखाद्या चापटीपेक्षा जास्त धास्ती बसली. मी पाचवीत असताना तुम्ही गेलात, पण अजूनही वर्गात कुणी "समजलं बाई" म्हटलं की मला ते पुरत नाही.

म्हणून आईशी बोलण्याआधी मी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरांना गाठून सगळं विचारलं, लोखंडाचंसुद्धा. ते आधी वैतागले, मग खुर्ची ओढून बसले. जागा बधिर करतात, गाठीचा लहानसा तुकडा काढतात, टाका घालतात. तुकडा औषधाच्या पाण्यात ठेवतात, मग त्याचे कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अशी गाठ तपासल्यानं पसरत नाही, म्हणाले. न तपासता ठेवली तर ती काय आहे हेच कळत नाही आणि उपचार काय करायचे तेही कळत नाही. कधीकधी ती अगदी साधी निघते, हेही त्यांनी सांगितलं. साधी नसली तर काय, ते मी विचारलं, पण ते उत्तर इथं लिहीत नाही.

काल सकाळी आई भाकरी थापत होती तेव्हा मी सुरुवात केली. "व्यापारी चादरीच्या कडेचा एक तुकडा कापून पाण्यात टाकून बघतो ना, रंग जातो का म्हणून? बायॉप्सी तशी. सगळी चादर धुवायला लागत नाही."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "हे तुझ्या अण्णांसारखं बोलतेस. पडद्यामागून मी काय कमी ऐकलंय? पण चादरीला भोक पडतं ते पडतंच."

अण्णा, मला वाटलं, संपलं. दाखला फाटला. मग वाटलं, फाटला म्हणजे खेळ तर आत्ता सुरू झाला. मी म्हणाले, "बरोबर. तिथंच जुळत नाही. विळीनं तुझं बोट कापलं होतं ते बघ."

तिनं पिठाचा हात उलटा केला. बोटावर एक पांढरी रेघ, तीही शोधावी लागली. "भरून आलं की," ती स्वतःशीच म्हणाली. "आणि विळीही लोखंडाचीच." मग भाकरी उलटली. मी पुढचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं न विचारताच परत म्हणून दाखवलं, "बधिर करणार, तुकडा काढणार, टाका घालणार. तुकडा बरणीतून जाणार. गाठीत जे आहे ते आजही आहेच, कापल्यानं बदलणार नाही. नुसतं कळणार. सोमवारी जाऊ." मी सुटकेचा श्वास सोडतेय तोवर तिनं माझ्याकडे बघितलं. "आता तू सांग. सोमवारी तू काय करणार?"

"रजा टाकणार. तुला आत नेईपर्यंत हात धरणार. बाहेर बाकावर बसणार. रिपोर्ट आला की त्यात असेल ते सगळं तुला सांगणार."

"आणि?"

"आणि काही नाही. मला भीती वाटत नाही."

आई म्हणाली, "साकु," आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकली.

बाकीचं सगळं मी बरोबर सांगितलं होतं, अण्णा. तुम्ही असतात तर ते शेवटचं एक वाक्य तेवढं मला पुन्हा सांगायला लावलं असतंत.