विमानतळ टेकडीपलीकडेच

२ मे, शुक्रवार

लोरेटा येतेय! बुधवारी, सात तारखेला. फ्लोरिडाहून डेन्व्हरपर्यंत विमानाने, तिथून पाइन नॉचपर्यंत माझ्याबरोबर. अकरा महिने नुसतं फोनवर बोलतोय. पक्ष्यांच्या गप्पांपासून सुरुवात झाली, आता रोज रात्री ती काय जेवली हेही मला ठाऊक असतं. माणूस कसा आहे हे मात्र भेटल्यावरच कळतं. माझ्या बाबतीत तिला सुखद धक्का बसेल.

गावाला विमानतळ नाही याची तिला काळजी होती. तिला आमच्या गावच्या वेबसाइटवरचं 'कसे याल?' हे पान वाचायला सांगितलं. मीच लिहिलंय. 'आमच्या गावाला विमानतळ नाही, ही अडचण नसून सोय आहे. विमानतळ टेकडीपलीकडेच. जेमतेम तीन तास.' खाली चौकशीसाठी माझ्याच घरचा नंबर. वाचून तिचं समाधान झालं. लेखणीत ताकद असते.

नाडीनला (माझी थोरली बहीण, गावातली एकुलती एक बेकरी तिची) हे सांगितलं. ती म्हणाली, बाबा रे, टेकडी म्हणू नकोस तिला. सपाट फ्लोरिडात टेकडी म्हणजे कचऱ्याचा ढीग. मी म्हटलं, सगळं गाव टेकडीच म्हणतं. ती म्हणाली, गाव म्हणतं, पण गावाला ती साडेअकरा हजार फूट आहे हे माहीत आहे.

शिवाय म्हणाली, दर बुधवारी आर्लोची व्हॅन म्हाताऱ्यांना डोळे दाखवायला डेन्व्हरला नेते, येताना त्यातच बसव तिला. छे! अकरा महिने वाट पाहिलेल्या बाईला मोतीबिंदूवाल्यांत बसवू?

संकल्प: १) गुडघ्यांबद्दल बोलायचं नाही. २) गायचं नाही. ३) तिला बोलू द्यायचं.

४ मे, रविवार

लोरेटाचा फोन. टेकडी केवढी आहे विचारत होती. म्हटलं, छोटीशी. तर म्हणाली, मग चालायचे बूट आणते, तुला उशीर झाला तर मीच पायी ओलांडून येईन. फार हसलो. ती हसत नव्हती.

उंचीचा आकडा सांगितला नाही. प्रेमात आकडे आणू नयेत.

६ मे, मंगळवार

पिकअप ट्रक धुतला. चिखलाच्या मोसमात ट्रक धुणारा पाइन नॉचच्या इतिहासातला मी पहिलाच, असं नाडीन म्हणाली. बेकरीतली सगळी गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघत होती. हसू देत. मे महिन्यात पर्यटक नाहीत, हॉटेलं बंद, रस्त्यावर फक्त आम्ही दोघं. हे नियोजन आहे. लोकांना वाटतं योगायोग.

मागच्या सीटवर फुलं आणि चॉकलेटचा डबा ठेवला. जागा होईना म्हणून बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या काढून शेडमध्ये टाकल्या. मे महिन्यात साखळ्या लावतात ते बर्फ न पाहिलेले टेक्सासवाले.

७ मे, बुधवार, सकाळ

निघालो. गाणं म्हणत. (तिच्यासमोर नाही, त्यामुळे संकल्प मोडत नाही.)

सकाळ, जरा नंतर

टेकडीच्या पायथ्याशी बर्फ. साखळ्यांशिवाय सोडत नाहीत. पोलीस म्हणाला, साखळ्या कुठायत? म्हटलं, मी इथलाच आहे. तो म्हणाला, मग तर तुम्हाला कळायला हवं होतं. तरुण पोलिसांना हल्ली बोलायची रीत नाही.

तेवढ्यात आर्लोची व्हॅन साखळ्या खुळखुळवत पुढे गेली. सगळ्या म्हाताऱ्यांनी हात हलवले. मीही हलवला. जणू मी मुद्दामच थांबलोय.

हरकत नाही. जुन्या खाणीचा रस्ता मला पाठ आहे.

दुपार

रस्ता मला पाठ आहे, पण रस्ता आता तिथे नाही. चाकं दाराखालपर्यंत चिखलात. ट्रक धुतल्याचं आता कोणाला सांगून पटणार नाही.

खडकावर चढलो तर फोन लागतो. लोरेटा उतरली! म्हणाली, कुठे आहेस? म्हटलं, टेकडीवरच. शब्दन् शब्द खरा. ती म्हणाली, इथे एक सद्गृहस्थ पाइन नॉचची पाटी घेऊन उभे आहेत, आर्लो म्हणून. ओरडून म्हटलं, अजिबात जाऊ नकोस, मी पोचतोच आहे! तेवढ्यात आवाज तुटला. ऐकलं असणार.

संध्याकाळ

बिचारी वाट बघत असेल. चॉकलेटं संपली. फुलं एका एल्कने खाल्ली. एवढं मोठं हरीण खिडकीतून तोंड आत घालतं तेव्हा आपण फुलंच पुढे करतो.

८ मे, गुरुवार

एका कुरणवालीने ट्रॅक्टरने ओढून काढलं आणि पलीकडच्या ड्राय क्रीक गावात आणून सोडलं. वाटभर एकच प्रश्न: तुम्ही इथलेच ना? मेकॅनिक म्हणतो, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला, नवा डेन्व्हरहून मागवावा लागेल. कसा येईल? म्हणे, बुधवारी आर्लोच्या व्हॅनने.

लोरेटा फोन उचलत नाही. विमानतळावर रडत असेल. उद्याच्या बसने जाऊन तिला सोडवतो.

९ मे, शुक्रवार

विमानतळ पालथा घातला. तिच्या नावाची घोषणा करवली. दोन वेगळ्याच लोरेटा आल्या. चांगल्या होत्या, पण त्या नव्हेत.

शेवटी नाडीनला फोन. म्हणाली, अरे ती इथे आहे, बुधवारी रात्रीपासून! तुझ्या घराची किल्ली दिली तिला. आत्ता माझ्याकडे दालचिनीचे रोल वळतेय, हात चांगला आहे पोरीचा. (पोरगी एकसष्टची आहे.) तू कधी येतोस?

मी तिथल्याच एका सामानाच्या गाडीवर बसलो.

नाडीन म्हणाली, मी येऊ का न्यायला? म्हटलं, काही गरज नाही. विमानतळापासून पाइन नॉच तीन तास. ती इतकी हसली की फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला.

भाड्याची गाडी मागितली. लायसन्स मार्चमध्येच संपलंय म्हणतात. मी संपवलं नाही, ते आपोआप संपलं.

११ मे, रविवार

मोटेल. सकाळी नाश्त्याला वॉफल फुकट. तेच तेवढं.

आज हार मानली आणि परक्या प्रवाशासारखं माझंच पान उघडलं. गाडीची माहिती? नाही. बर्फाची? नाही. 'अधिक माहितीसाठी फोन करा.' केला. तो माझ्याच घरी वाजला. बाईचा आवाज: पाइन नॉच, बोला!

लोरेटा. काय करावं सुचेना. आवाज बदलून विचारलं, बाई, तुमच्या गावी यायचं कसं?

ती म्हणाली, आधी ते वेबसाइटवरचं विसरा. लिहिणारे गृहस्थ स्वतःच बुधवारपासून वाटेत आहेत. बुधवारची आर्लोची व्हॅन धरा आणि खिडकीची जागा मागा. टेकडी बघण्यासारखी आहे.

टेकडी म्हणाली! चार दिवसांत! आभार मानून फोन ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, क्लिफर्ड, जेवलास का?

म्हटलं, वॉफल.

मग तासभर बोललो. ती परत कधी जाणार हे विचारायचं राहून गेलं. गुडघ्यांचा विषय निघाला.

१३ मे, मंगळवार

उद्या घरी! तिला गाव मी दाखवणार. धबधबा, मग खाण (रस्ता सोडून), मग माझ्या व्हरांड्यात बसून सूर्यास्त. नवा शर्ट घेतला.

१४ मे, बुधवार

विमानतळावर आर्लोची व्हॅन आली. दार उघडलं आणि सगळ्यात आधी उतरली लोरेटा. हातात पुठ्ठा, त्यावर 'क्लिफर्ड'. दुसऱ्या हातात बॅग. तिचं परतीचं विमान आजच.

फोटोपेक्षा ठेंगणी आहे. हसते मात्र अगदी फोनवरच्यासारखी. अकरा महिने जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच आठवेना. म्हटलं, प्रवास कसा झाला? म्हणाली, तीन तास कुठले रे, सहा. मग माझा शर्ट सारखा करत म्हणाली, गाव फार गोड आहे तुझं. धबधबा पाहिला, खाण पाहिली, तुझ्या व्हरांड्यात रोज सूर्यास्त पाहिला. तू तेवढा राहिलास.

मला रडू आलं. ती म्हणाली, वेड्या, सप्टेंबरपासून नाडीनच्या बेकरीवरची खोली घेतलीय मी, सगळ्या हिवाळ्यासाठी. चालायचे बूट तिथेच ठेवून आलेय.

नाचावंसं वाटलं. गुडघ्यांमुळे नाचलो नाही. म्हटलं, सप्टेंबरमध्ये बघच, मी स्वतः तुला...

तिने तोंडावर हात ठेवला. म्हणाली, क्लिफर्ड, शपथ आहे. मला न्यायला येऊ नकोस.

आर्लोने हॉर्न दिला. खिडकीची जागा गेली होती. डोळ्यांना पट्ट्या लावलेल्या दोघींच्या मधे बसून, अल्टरनेटर मांडीवर घेऊन, टेकडी चढलो. त्या दोघी वाटभर विचारत होत्या, बाहेर कसं दिसतंय रे? मला दिसत नव्हतं, तरी फार सुंदर दिसतंय म्हणून सांगत राहिलो.

रात्री

घरात दालचिनीचा वास. फोन वाजला. टेक्सासहून कोणीतरी. गावी यायचं कसं म्हणाला. म्हटलं, बुधवारची व्हॅन, आणि साखळ्या आणा. तो म्हणाला, विमानतळावर न्यायला कोणी येईल का?

म्हटलं, मला मनाई आहे.