सालाचे दोन तुकडे

१४ सप्टेंबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

तू बरा असशील. वहिनीचा गुडघा आता दुमडतो का? दुकानात काम जोरात आहे. लोकांच्या पँटी आखूड करून करून माझी बोटं सोलवटली. बाबा ठीक आहेत. जेवतात, झोपतात.

गेल्या आठवड्यात त्यांची तपासणी होती. इथल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीतच विचारणार, म्हणून मला सालांची धास्ती. बाबा सरळ 'वन थाउजंड नाइन हंड्रेड फॉर्टी सिक्स' म्हणायचे. मी शिकवलं, सालाचे दोन तुकडे करायचे. नाइन्टीन, मग फॉर्टी सिक्स.

"आणि दोन हजार पाच?"

"ते अख्खं. टू थाउजंड फाइव्ह. आत्ताचं मात्र परत तोडायचं. ट्वेंटी, ट्वेंटी फाइव्ह."

"मधल्यांचेच तेवढे लाड!" बाबा भडकले. "असू दे. जन्म लेथवर गेला माझा, तुकडे पाडायला मला शिकवू नकोस."

खूप हसलो आम्ही. सगळं पाठ झालं होतं रे त्यांचं.

तिथे बाईंनी जन्मसाल विचारलं. बरोबर. लग्नाचं विचारलं. 'नाइन्टीन सेव्हंटी फोर', अगदी खणखणीत. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारलं, सध्या कोणतं साल चालू आहे?

"नाइन्टीन एटी सेव्हन."

उच्चारात कुठे खोट नाही. वर शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

"त्यांचं इंग्रजी कच्चं आहे," मी घाईघाईने बाईंना म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमच्या भाषेत विचारा."

मला विचारवेना, दादा. बाई थांबून राहिल्या, तेव्हा विचारलं.

"सत्याऐंशी," बाबा म्हणाले. "आणि ऊठ आता. तुझ्या दादाची शाळा सुटेल. एकटाच उभा राहील तो."

तू फोनवर विचारतोस, बाबा बोलत का नाहीत. मी सांगते, कमी ऐकू येतं. त्यांचे कान चांगले आहेत. रोज दुपारी ते चपला घालून तुला आणायला निघतात. परवा मला ते कोपऱ्यावरच्या शाळेच्या फाटकाशी सापडले. पोरं कधीच पांगली होती. मी दंडाला धरलं तर हात झटकला. "तो यायचाय अजून."

त्यांना काय सांगू?

तू ये. ओळखतील की नाही, ठाऊक नाही. तरी ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या दोघांतली एक,
तुझी धाकटी