शेजाऱ्याची पेज

कल्याण, ८ नोव्हेंबर १८८४

आयेस कॉस्मासचा नमस्कार. डोक्यावर तुझा हात आहे असं समजून लिहितो.

हे पत्र आपल्या डोरोथीकडूनच वाचून घे, पाद्रीबाबांकडे नेऊ नकोस.

मला ताप आलेला, आता उतरलाय. रेल्वेच्या कामावर परत जातो. तुझे गुडघे कसे आहेत? बोंबील वाळले का?

तापात शेजारच्या सहदेव मास्तरने पेज करून पाजली. तो नगरकडचा, मिशनचा ख्रिस्ती, आपल्या पंथाचा नव्हे. घरात ना मारियाबायची तसबीर, ना मेणबत्ती. फुकट कोण कुणाला पेज पाजतो? मला त्यांच्यात ओढायचा डाव असणार, म्हणून प्रत्येक वाटीवर मी आधी क्रूस काढायचो. तो डोळे मिटून थांबायचा आणि माझ्याबरोबर ‘आमेन’ म्हणायचा. त्यातही काहीतरी असेलच.

एकदा बापसाचं बोलणं निघालं. मी म्हटलं, समुद्रात बुडाला, पाद्रीबाबांपुढे पापं सांगायला मिळाली नाहीत, ती फिटेपर्यंत शुद्धिस्थानात तळमळत असेल. तर हा म्हणतो, “प्रभूवर विश्वास होता ना त्यांचा? मग त्याच क्षणी तारले गेले. तुमच्या मिस्सा-प्रार्थनांसाठी कुठे अडून बसलेले नाहीत.”

इतकं गोड बोलणाऱ्यावर माझा भरवसा नाही. तरी भिंतीकडे तोंड करून मी खूप रडलो.

आये, बापसाची मेणबत्ती एक दिवस चुकवू नकोस. फक्त लावताना आता एवढी रडू नकोस.

तुझा,
कॉस्मास