पन्नास कोऱ्या पुंगळ्या

२ सप्टेंबर
एल्क हरणांच्या शिकारीच्या रायफलसाठी पन्नास कोऱ्या पितळी पुंगळ्या आणल्या. यंदा काडतुसं घरीच भरणार. गेल्या वर्षी एल्क हुकला (चूक दुकानातल्या काडतुसांची) आणि हिवाळाभर मेहुण्याकडचं, ओरविलकडचं मांस खाल्लं. वर त्याची बोलणीही. बायकोला, अर्लिसला, शब्द दिलाय: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत आपला फ्रीजर भरेन. ती नुसतं 'बघू' म्हणाली.

९ सप्टेंबर
नेमका आकार यावा म्हणून पुंगळ्या साच्यात दाबून काढल्या. एक अडकून बसली, ती वायाच गेली. ओरविल म्हणतो, तेल लावायला विसरलास. विसरलो नव्हतो, वेळेवर आठवलं नाही.

२४ सप्टेंबर
सगळ्यांची लांबी एकसारखी हवी. एक जरा जास्तच कापली गेली. मग बाकीच्या तिच्याएवढ्या केल्या. आता झाल्या एकसारख्या.

११ ऑक्टो.
वजन केलं. अकरा नापास. आज भरणारच होतो, पण अति घाई संकटात नेई.

२५ ऑक्टोबर, शनिवार
शिकारीचा सीझन उघडला. गावातले सगळे डोंगरात. मी पुंगळ्यांच्या बुडातली भोकं घासतोय. अर्लिस म्हणाली, अरे, अजून भरली नाहीत? म्हटलं, पाया पक्का हवा. म्हणाली, घर बांधतोयस का? एल्क काय तुझ्यासाठी थांबलेत?
हिला धीर म्हणून नाही.

१५ नोव्हेंबर
सगळ्या आरशासारख्या चकाचक. ओरविलचा फोन. म्हणे, कोरी पुंगळी कितीही घास, रायफलमधून एकदा उडाल्याशिवाय ती तिथे नीट बसत नाही. अडाणी माणूस.
भरायचं उद्या. नक्की.

२२ नोव्हेंबर, सकाळी ९
रायफल जागेवर नाही. अर्लिसही नाही.

दुपारी ४
अर्लिसने एल्क पाडला. एका गोळीत. काडतूस दुकानातलं.

२३ नोव्हेंबर
फ्रीजर भरला. म्हणजे माझा शब्द खरा ठरला.
तिची ती उडालेली पुंगळी गुपचूप रायफलमध्ये घालून पाहिली. अलगद बसली. माझ्या अडतीसांपैकी एकही तशी बसत नाही. फार वाईट वाटलं. अर्लिस दारातून बघत होती. हसली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, ठेव ती तुला. आणि ओरविलला फोन कर, यंदा मांस आपल्याकडून ने म्हणावं.
फोन केला. त्याने पहिलंच विचारलं, पाडला कुणी?
अर्लिस शेजारीच उभी होती. खरं सांगावं लागलं.